फ्रान्समध्ये साठ लोकांच्या गावालाही मेयर कशाला लागतो?

२०२६ च्या मार्चमध्ये इथं फ्रान्सला पालिका निवडणुका होत्या, १५ आणि २२ तारखेला. तर आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक बातमी टाकली, "फ्रान्समध्ये ३५ हजार महापौर निवडले जाणार", आणि खाली प्रश्न, "अगं, यात एक शून्य जास्त पडलंय का?" नाही मामा, शून्य बरोबर आहे. भारताच्या पाचव्या हिश्श्याएवढंही क्षेत्रफळ नसलेल्या देशात खरंच जवळपास ३५ हजार मेयर आहेत, अख्ख्या युरोपियन युनियनमधल्या दर दहा पालिकांपैकी चार एकट्या फ्रान्समध्ये. हे उत्तर व्हॉइस नोटमध्ये मावेना म्हणून शेवटी लिहायलाच बसले.

आम्ही राहतो ते गाव तुलूजपासून अर्ध्या तासावर, लोकवस्ती हजाराच्या आत. एक बेकरी, एक चर्च, चौकात पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं कोरलेला दगड, आणि समोर दगडी दुमजली मेरी. दारावर कागद चिकटवलेला, अमुक वारी सकाळी उघडं, तमुक वारी दुपारी, बुधवारी बंद. पहिल्या वर्षी मी तीनदा बुधवारीच जाऊन धडकले.

आधी शब्दांचा घोळ

मेरी हे बाईचं नाव नाही. मेयरचं ऑफिस ती मेरी. ज्या गावाचं किंवा शहराचं ते ऑफिस, ते कम्यून. झाले दोन शब्द, बाकी फ्रेंच मी शक्यतो टाळते. मोठ्या शहरांत याच मेरीला 'ओतेल द विल' म्हणतात, आणि हो, पाटी वाचून तिथं रूम विचारणारे लोक असतात, आमच्याकडे आलेला एक पाहुणाच होता त्यातला.

मराठीत भाषांतर करताना खरी पंचाईत होते. आपल्याकडे मुंबईला महापौर, कराडला नगराध्यक्ष, आणि वाडीला सरपंच, तीन वेगळे शब्द, तीन वेगळे कायदे. फ्रान्समध्ये वीस लाखांचं पॅरिससुद्धा कम्यून आणि पिरेनीज डोंगरातलं साठ लोकांचं गावसुद्धा कम्यून, दोघांचा प्रमुख मेयरच, आणि दोघांचे मूळ अधिकारही बरेचसे सारखे. अर्ध्याहून जास्त कम्यूनमध्ये तर पाचशेही लोक राहत नाहीत. म्हणून 'महापौर' वाचून मामांच्या डोळ्यांसमोर लाल दिव्याची गाडी आली असेल तर ती पुसून टाका आणि तिथं ट्रॅक्टरवरून उतरून ऑफिसचं कुलूप उघडणारा माणूस बसवा, ते जास्त जवळचं होईल.

गंमत म्हणजे सगळ्यात उशिरा मेयर मिळाला तो पॅरिसलाच. १८७१ च्या उठावानंतर सरकारचा या शहरावर विश्वासच राहिला नव्हता, तेव्हा तिथं शंभरेक वर्षं सरकारी अधिकाऱ्यांनी कारभार केला, आणि १९७७ साली जाक शिराक निवडून आले ते आधुनिक पॅरिसचे पहिले मेयर. म्हणजे खेड्यांना मेयर आणि राजधानीला नाही, असं शतकभर चाललं होतं.

ही ३५ हजारांची भानगड आली कुठून

१७८९ ला राज्यक्रांती झाली, त्याच वर्षी १४ डिसेंबरला कायदा केला की प्रत्येक गावाची आपली नगरपालिका असेल. आता गाव म्हणजे काय? तेव्हा हद्दी होत्या त्या चर्चच्या, एका पाद्रीच्या ताब्यातला परिसर तो एक गाव. त्याच हद्दी उचलल्या आणि ४४ हजारांच्या आसपास कम्यून तयार झाली. पुढे काही एकमेकांत मिसळली, पण आजचा नकाशा पाहिला तर बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या रेषा दिसतात.

पण माझ्या मते खरी उलथापालथ त्यानंतरची. २० सप्टेंबर १७९२ ला ठरलं की जन्म, लग्न आणि मृत्यू यांची वही यापुढे पाद्रीकडे नाही, नगरपालिकेकडे राहणार. ही छोटी गोष्ट नाही हां. त्याआधी तुम्ही जन्मलात याचा पुरावा चर्च देत होतं, म्हणजे ज्यांचा धर्म वेगळा त्यांचं अवघडच. वही टेबल बदलून गेली आणि माणूस कागदावर आधी नागरिक झाला, नंतर कॅथलिक की काय तो. मेरीला आजही जे वजन आहे ते या वहीमुळे आहे, रस्ते-गटारांमुळे नाही.

मग ५ एप्रिल १८८४ चा कायदा, त्यानं गावोगावी निवडून आलेलं मंडळ, मंडळानं निवडलेला मेयर आणि स्वतःची मेरी हे पक्कं केलं. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं होतं, म्हणजे गावाला शाळाही बांधायची होती आणि ऑफिसही. पैसे एकाच इमारतीपुरते. तेव्हा खूप गावांनी मधे मेरी, एका बाजूला मुलांची शाळा, दुसऱ्या बाजूला मुलींची असं बांधकाम केलं. आमच्याकडे दोन दारांवर 'गार्सों' आणि 'फीय', म्हणजे मुलगे आणि मुली, अशी कोरीव अक्षरं अजून आहेत, पोरं आता कुठल्याही दारातून धावतात. पूर्वी मास्तरच मेरीचा कारकून असायचा, अक्षर बरं म्हणून.

याचा एक धागा आपल्या देशातही आहे. पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम ही फ्रेंचांची ठाणी होती, तिथं १८८० साली हुकुमानं कम्यून आली. समुद्राकाठची पाँडिचेरीची जुनी मेरी २०१४ च्या पावसात कोसळली आणि नंतर जुन्या रूपातच पुन्हा उभी केली. आणि पुदुच्चेरीत आजही ग्रामीण भागात 'कम्यून पंचायत' आहे. फ्रेंच शब्द आणि आपला शब्द शेजारी शेजारी बसलेत, कुणाला खटकतही नाही.

एक माणूस, दोन टोप्या

हा भाग समजला की बाकी सगळं सोपं.

आपल्याकडे गावात सरपंच वेगळा आणि तलाठी वेगळा. सरपंच गावानं निवडलेला, तलाठी सरकारनं पाठवलेला. दोघांची ऑफिसं वेगळी, साहेब वेगळे. फ्रान्समधला मेयर हा एकाच वेळी दोन्ही. गावाचा प्रमुख म्हणून तो मंडळानं ठरवलेलं बजेट राबवतो, शाळेची गळकी कौलं बदलतो. आणि दुसरी टोपी घातली की तो फ्रेंच सरकारचा प्रतिनिधी, लग्न लावणारा, जन्ममृत्यू नोंदवणारा, मतदार यादीचं काम बघणारा, मतदान घेणारा. या दुसऱ्या कामात त्याला गावाचं मंडळ काही सांगू शकत नाही, तिथं त्याच्यावर सरकार आणि सरकारी वकील. एवढंच काय, कायद्यानं तो पोलीस अधिकाऱ्याच्या दर्जाचाही असतो.

लग्नाच्या दिवशी किंवा समारंभात तो छातीवरून निळा-पांढरा-लाल पट्टा घालतो ना, तो दुसऱ्या टोपीचा पट्टा आहे असं समजा.

आणि या मेयरच्या डोक्यावर कोण? जिल्ह्यात 'प्रेफे' असतो, सरकारनं नेमलेला, साधारण आपला जिल्हाधिकारी. १९८२ पर्यंत गावाच्या बऱ्याच निर्णयांना त्याची आधी मंजुरी लागायची. २ मार्च १९८२ च्या कायद्यानं ते बंद झालं. आता गाव निर्णय घेतं, प्रेफे नंतर वाचतो, बेकायदा वाटलं तर कोर्टात जातो, पण 'मला आवडलं नाही' म्हणून रद्द करू शकत नाही. आपल्याकडे सरपंचाला जिल्हा परिषदेच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात ते आठवा म्हणजे फरक कळेल.

गावात शांतता, आरोग्य, सुरक्षितता यासाठी मेयर स्वतः हुकूम काढू शकतो. त्यातून भारी नमुने निघालेत. शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या गावच्या मेयरनं १९५४ साली उडत्या तबकड्यांना गावावरून उडायला आणि उतरायला बंदी केली. आणि २००८ मध्ये सारपुराँ नावाच्या छोट्या गावात स्मशानभूमी भरली होती, वाढवायची परवानगी मिळेना, तर मेयरनं सरळ हुकूम काढला की इथं जागा नसलेल्यांनी गावात मरायचं नाही, मेल्यास कडक शिक्षा. चेष्टा होती, पण कागद शिक्क्यासकट होता.

काउंटरवर नक्की काय मिळतं

मूल झालं की पाच दिवसांत नोंद करायची, नाहीतर मग कोर्टाची पायरी. आणि नोंद होते ती मूल जिथं जन्मलं त्या कम्यूनमध्ये, तुम्ही राहता तिथं नाही. फ्रान्सभरात प्रसूतिगृहं पाचशेच्या आत उरलीत, त्यामुळे जन्म सगळे मोठ्या शहरांच्या वहीत जातात. आमच्या लेकाचंही नाव तुलूजच्या वहीत आहे.

मी दवाखान्यात, म्हणून नोंदीला नवरा गेला. तिथल्या बाईंनी विचारलं, नावं काय? फ्रान्समध्ये एका माणसाला दोन-तीन पहिली नावं असतात, आजोबांचं, मावशीचं, अशी ओळीनं. नवऱ्यानं आपल्या सवयीनं मुलाचं नाव, स्वतःचं नाव, आडनाव असं सांगितलं. बाई म्हणाल्या, वा, दुसरं नावही छान आहे. त्यानं समजवायचा प्रयत्न केला की ते दुसरं नाव नाही, ते माझं नाव आहे, वडिलांचं नाव मधे लावतात आमच्याकडे. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, पण वडिलांसाठी खाली वेगळा रकाना आहे की. शेवटी ते दुसरं नाव म्हणूनच बसलं. आता शाळेत कधीतरी कुणीतरी आमच्या पोराला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारतं.

दुसरी गोष्ट जी भारतातून आलेल्या प्रत्येकाला चक्रावते, ती म्हणजे जन्मदाखल्याला एक्सपायरी असते. लग्नासाठी वगैरे दाखला मागतात तर म्हणतात, तीन महिन्यांच्या आतला हवा. अरे, माणूस काय तीन महिन्यांनी वेगळ्या तारखेला जन्मतो का? पण यात लॉजिक आहे, आणि ते सातबारा माहीत असलेल्या माणसाला लगेच कळेल. फ्रान्समध्ये जन्माची नोंद ही एकदा लिहून बंद होत नाही. लग्न झालं, घटस्फोट झाला, नाव बदललं, शेवटी मृत्यू झाला, की ते त्या मूळ नोंदीच्या समासात लिहितात. म्हणजे जन्माचा दाखला हा माणसाचा सातबारा आहे, त्यावर आयुष्यभर फेरफार चढत राहतात. जुना उतारा घेऊन बँकेत गेलात तर बँक म्हणते ना, ताजा आणा? तसंच. मेरीवाल्यांना बघायचं असतं की समासात आधीचं एखादं लग्न अजून जिवंत तर नाही. परदेशी दाखल्याला थोडी सवलत देतात, सहा महिन्यांची, आमच्या दाखल्यांच्या समासात तसंही काहीच लिहिलेलं नसतं.

लग्न तर मेरीतच. चर्चमध्ये, मशिदीत, देवळात हवं तर नंतर करा, पण कायद्याचं लग्न आधी मेयरसमोर. उलटा क्रम वारंवार करणाऱ्या धर्मगुरूला सहा महिने कैद आणि ७,५०० युरो दंड होऊ शकतो. मी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते. छोटा हॉल, कोपऱ्यात मारियानचा अर्धपुतळा (ही म्हणजे प्रजासत्ताकाची मूर्तिमंत बाई, मधल्या काळात तिला ब्रिजिट बार्दो आणि कॅथरीन दनवचे चेहरेही लाभले), भिंतीवर राष्ट्राध्यक्षांचा फोटो. मेयरनं पट्टा सारखा केला आणि पुस्तकातून कलमं वाचायला लागला, नवरा-बायकोनं एकमेकांना आदर, निष्ठा, मदत आणि आधार द्यायचा. मंगलाष्टकांच्या जागी कायद्याची कलमं! आणि लग्न चालू असताना हॉलची दारं उघडी ठेवावी लागतात, कुणालाही आत येऊन हरकत घेता यावी म्हणून. त्या दिवशी बाहेर पाऊस होता, करवल्या कुडकुडत होत्या, पण दार काही लावलं नाही. तो राष्ट्राध्यक्षांचा फोटो मात्र नुसता रिवाज, कायद्यात कुठं नाही. २०१९ मध्ये पर्यावरणवाल्या पोरांनी ठिकठिकाणच्या मेरीतून मॅक्रॉनचे फोटो उचलून नेले तेव्हा हे बऱ्याच फ्रेंच लोकांनाही पहिल्यांदा कळलं.

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त काम पडतं ते आईबाबांना बोलवायचं असलं की. ते इकडे तुमच्या घरी राहणार असतील तर व्हिसासाठी यजमानाचं एक पत्र लागतं, आणि ते साध्या कागदावर चालत नाही, मेरीत स्वतः जाऊन घ्यायचं. घराचं भाडेपत्र, लाइटबिल, पगाराच्या स्लिपा, राहण्याचा परवाना, आणि आम्ही बोलावलं तेव्हा ३० युरोचा टॅक्स स्टॅम्प. मेयर बघतो की घरात जागा आहे का, खर्च झेपेल का. वाटलं तर माणूस पाठवून घर बघूही शकतो. सही झाली की मूळ कागद कुरियरनं भारतात. आमचा कागद सातारला पोचेपर्यंत सासऱ्यांनी रोज ट्रॅकिंग नंबर विचारला.

बाकी यादी पटकन सांगते, बालवाडी आणि प्राथमिक शाळांच्या इमारती आणि कँटीन (शिक्षकांचा पगार सरकारचा), बांधकाम परवानगी, स्मशानभूमी, गावातले रस्ते, लायब्ररी. बांधकामात नुसत्या खिडक्यांचा रंग बदलायचा तरी आधी अर्ज टाकावा लागतो, आणि जवळ जुनी संरक्षित वास्तू असेल तर सरकारी आर्किटेक्टही मत देतो. आमच्या शेजाऱ्यांना निळ्याची कुठली छटा चालेल यावर दोन महिने लागले.

आणि काय मिळत नाही

राहण्याचा परवाना, म्हणजे आपल्यासारख्या परदेशी लोकांचं कार्ड, मेरीत मिळत नाही, ते प्रेफेच्या ऑफिसचं काम. नवीन आलेली मुलं हमखास मेरीत जाऊन उभी राहतात. इन्कम टॅक्स, पेन्शन, आजारपणाचा विमा, सगळ्यांची वेगळी ऑफिसं, आणि ती हळूहळू खेड्यांतून उठून शहरात आणि शहरातून वेबसाइटवर गेली.

पासपोर्ट आणि ओळखपत्राचं तर अजबच. अर्ज मेरीतच, पण बोटांचे ठसे घ्यायचं मशीन असलेल्याच मेरीत, आणि ते सगळीकडे नाही. मात्र कुठल्याही गावच्या माणसाला कुठल्याही मशीनवर जाता येतं. २०२२ साली अपॉइंटमेंट मिळेनाशा झाल्या तेव्हा लोक दीडशे-दोनशे किलोमीटर गाडी चालवून भलत्याच गावात ठसे देऊन आले.

"मग सगळं ऑनलाइनच करा ना, काउंटर हवाच कशाला?" हा प्रश्न माझ्या इंजिनिअर नवऱ्याचा. उत्तर आमच्या शेजारच्या ऐंशीच्या आजींकडे आहे, त्यांना फोनवर आलेला ओटीपी वाचेपर्यंत त्याची वेळ संपते. ही तक्रार देशभर वाढली तेव्हा सरकारनं 'फ्रान्स सर्व्हिसेस' नावाचे काउंटर काढले, आता २,८०० च्या आसपास आहेत, एकाच टेबलावर टॅक्स, पेन्शन, विमा, बेरोजगारी अशी सगळी फॉर्मगिरी. आणि ते बसवले कुठं? पुष्कळ ठिकाणी मेरीतच. म्हणजे पुढच्या दारानं गेलेली ऑफिसं मागच्या दारानं परत आली.

पैसा आणि निवडणूक

पैसा थोडक्यात. घरमालकांकडून जमीन-इमारतीचा कर, आणि केंद्राकडून अनुदान. पूर्वी घरात राहणाऱ्या प्रत्येकाला, भाडेकरूलाही, एक वेगळा कर होता, तो राहत्या घरापुरता २०२३ पर्यंत पूर्ण गेला. लोक खूश. मेयर नाराज, कारण आता भाडेकरू गावाला थेट काहीच देत नाही, तरी खड्ड्याबद्दल भांडायला पहिला येतो (त्यात आम्ही पण आलो).

निवडणुकीत लोक मेयरला थेट मत देत नाहीत, अख्ख्या यादीला देतात. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं पडली तर तिथंच खेळ खल्लास, नाहीतर पुढच्या रविवारी दुसरी फेरी. जी यादी पहिली येते तिला निम्म्या जागा बक्षीस, उरलेल्या जागा मतांच्या प्रमाणात सगळ्यांत वाटायच्या. (पॅरिस, ल्यों, मार्सेलला हे बक्षीस कमी आहे.) म्हणजे जिंकणाऱ्याकडे बहुमत पक्कं, रिसॉर्टवर नगरसेवक लपवायची वेळच येत नाही. मग ते मंडळ मेयर निवडतं, सहा वर्षांसाठी.

हजारापेक्षा छोट्या गावांत मात्र २०२० पर्यंत वेगळीच मजा होती. मतपत्रिकेवरची नावं पेननं खोडता यायची आणि दुसऱ्याची लिहिता यायची. त्यामुळे कुणाची गाय कुणाच्या शेतात शिरली होती ते सगळं रविवारी संध्याकाळी मतमोजणीत बाहेर यायचं. २०२६ पासून ते बंद, छोट्या गावातही एक पुरुष एक बाई अशी आलटून पालटून यादी, खाडाखोड केली तर मत बाद. २०२० च्या निवडणुकीनंतर मेयरांमध्ये पाचातली जेमतेम एक बाई होती, म्हणून हा बदल मला पटतो. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना अजिबात पटलेला नाही.

आम्हाला मत आहे का? नाही. युरोपियन युनियनच्या नागरिकांना पालिकेत मत देता येतं, भारतीयांना नाही, कितीही वर्षं राहा. पण एक कबूल करते, निवडणूक ठरल्या वेळी होते. २०२० ची दुसरी फेरी कोविडमुळे मार्चवरून २८ जूनला गेली तर केवढा गहजब झाला होता. मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हातात होती हे मी इथल्या मंडळींना सांगितलं तर त्यांना वाटलं माझं फ्रेंच चुकतंय.

पण मेयरच्या हातात आता उरलंय काय?

हा आक्षेप खरा आहे. कचरा, बस, उद्योग, बऱ्याच ठिकाणी पाणी, ही कामं आता एकटं गाव करत नाही, शेजारची गावं मिळून एक गट करतात आणि गट करतो. असे साधारण १,२५० गट आहेत आणि बहुतेक सगळ्या गावांना कुठल्या ना कुठल्या गटात असावंच लागतं. एकत्र कुटुंबात कसं, खोल्या वेगळ्या पण चूल एक. आणि चुलीवरून भांडणंही तशीच, मोठ्या जावेचं म्हणजे शहराचं ऐकलं जातं, धाकटी धुमसत राहते. पाण्याचं काम २०२६ पर्यंत सक्तीनं गटाकडे द्यायचं असं ठरलं होतं, डोंगरातल्या गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला, आमचा झरा आम्ही बघू म्हणाले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती सक्ती रद्द झाली.

गंमत अशी की कचऱ्याची गाडी आली नाही तर लोक गटाच्या अध्यक्षाला ओळखतही नाहीत, मेयरच्या घराची बेल वाजवतात. आमच्या मेयरला बेकरीत रांगेत उभं असताना तीन तक्रारी मिळतात.

यासाठी मिळतं काय, तर पाचशेच्या आतल्या गावच्या मेयरला महिन्याला हजार-अकराशे युरोच्या आसपास भत्ता, तोही कर कापायच्या आधीचा, म्हणजे इथल्या किमान पगारापेक्षाही बराच कमी. आणि धोका वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सीन्य गावचे मेयर जाँ-मात्यू मिशेल रस्त्याकडेला बेकायदा राडारोडा टाकणाऱ्यांना अडवायला गेले आणि त्या टाकणाऱ्यांच्याच व्हॅनखाली सापडून मेले. २०२३ ला सँ-ब्रेव्हँ-ले-पँ इथल्या मेयरचं घर पेटवलं, निर्वासितांच्या केंद्रावरून वाद होता, त्यांनी राजीनामा दिला. २०२० ला १०६ गावांत पहिल्या फेरीला एकही उमेदवार उभा राहिला नव्हता, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

मग गावं एकत्र करून टाका की!

मामांचा शेवटचा प्रश्न हाच असणार, मला माहिती आहे. शेजारच्या बेल्जियमनं केलं, १९७७ ला एका फटक्यात २,३५९ कम्यूनची ५९६ केली. फ्रान्सनं १९७१ मध्ये प्रयत्न केला, जेमतेम हजारभर कमी झाली, त्यातली काही पुढे भांडून परत वेगळी झाली. २०१० नंतर पुन्हा आमिष दाखवलं, एकत्र या, अनुदान घ्या. अडीच हजारांच्या आसपास गावं एकत्र आली, पण तिथंही जुन्या गावाला आपला छोटा मेयर आणि आपली छोटी मेरी ठेवायची मुभा द्यावी लागली, नाहीतर कुणी आलंच नसतं.

एक कारण भावना, गावाचं नाव जातं, चौकातल्या दगडावरची नावं कुणाची म्हणायची. दुसरं कारण मात्र अगदी रोकडं आहे. खासदारांच्या वरच्या सभागृहाला, सेनेटला, निवडून देणारे मतदार जवळपास सगळे या गावांच्या मंडळांतलेच. राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायचं तर ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, त्यांतही सगळ्यात मोठा गठ्ठा मेयरांचा, म्हणून २०२७ साठी इच्छुक मंडळी आतापासून खेड्यापाड्यात फोन लावतायत. ज्यांनी गावं कमी करायचा कायदा करायचा, त्यांचीच मुळं त्या गावांत. आणि खर्चाचं म्हणाल तर देशात पाचेक लाख गावसदस्य आहेत, छोट्या गावांतले बहुतेक जवळपास फुकट राबतात, सुट्टीत शाळेला रंगही तेच देतात. ते काढून टाकले तर त्या कामाला माणूस पगारावर ठेवावा लागेल.

आणि गावात माणूसच नसेल तर?

तरी गाव राहतं. पहिल्या महायुद्धात १९१६ ला व्हेर्दंच्या लढाईत काही गावं तोफांनी अक्षरशः मातीत मिसळली, जमिनीत एवढा दारूगोळा राहिला की परत वसवणंच शक्य नव्हतं. त्यातल्या सहा गावांत आज लोकसंख्या शून्य आहे. फ्लरी, बेझोंव्हो, कुमिएर, ओमों, बोमों, लुव्हमों. सरकारनं ती नकाशावरून पुसली नाहीत, ती 'फ्रान्ससाठी मेलेली' गावं म्हणून कम्यूनच राहिली. जंगल माजलंय, खड्ड्यांवर गवत आहे, कुठं बेकरी होती, कुठं शाळा होती त्याच्या पाट्या लावल्यात. निवडायला मतदार नाहीत म्हणून तिथला प्रमुख प्रेफे नेमतो, मेयरचेच अधिकार त्याला.

तेव्हा मामा, मार्चमध्ये तिथं मतपेटी लागली नाही. हिशोब अगदी चोख करायचा असेल तर तुमच्या त्या ३५ हजारांतून ही सहा वजा करा.